आधी पाजताना बघा, मग बोला

(स्तनपान सप्ताहात जत तालुक्यातल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकांपुढं झालेलं बोलणं, थोडंफार नीट करून)

मागच्या सगळ्या पुढं या, माईकचा काय भरवसा नाही.

एका तासाच्या आत छातीशी, सहा महिने फक्त आईचं दूध, हे तुम्हाला पाठच आहे, ते मी परत सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण उंबरा ओलांडला की लगेच बोलायला लागतो, बघत नाही. मीपण वर्षानुवर्षं हेच केलं, बाळंतिणीपुढं चार्ट धरायचा, घडाघडा बोलायचं, सही घ्यायची, निघायचं.

एक घर सांगते. पहिलटकरीण पोरगी, माहेरी आलेली, बाळ नऊ दिवसांचं. दारातच आज्जी, हातात बोंडलं, त्यात पाणी घातलेलं गाईचं दूध. म्हणाली, "हिला दूधच न्हाय बाई, पोरगं रातभर रडतंय." पोरगी खाली मान घालून बसलेली. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, पाणी मागितलं, आज्जीच्या गुडघ्याची चौकशी केली आणि बाळ उठायची वाट बघत पाऊण तास बसले. बाळ उठलं, पोरीनं घेतलं, तर नुसतं बोंड तोंडात, चुकचुक आवाज, गालाला खळगे पडतायत, आणि तिनं दात आवळलेले, कारण चिरा पडल्या होत्या. दूध होतं हो, बाळाला ओढताच येत नव्हतं! बाळाचं पोट हिच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो, मग भोवतीच्या काळ्या भागासकट आत, हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. दोन मिनिटांत घटाघट गिळल्याचा आवाज आला, तो आज्जीनंच आधी ऐकला.

आता आज्जीला "गाईचं दूध बंद करा" म्हणले असते तर मी गेल्यावर परत सुरू झालं असतं. म्हणून तिला काम दिलं. म्हणलं, आज्जी, बाळानं लंगोट ओला केला की डब्यात एक शेंगदाणा टाकायचा, रात्रंदिवस मिळून सहा किंवा जास्त झाले तर दूध पुरतंय. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर हा हिशोब बरोबर लागतो. दोन दिवसांनी गेले तर आज्जी डबा घेऊन दारात, "काल आठ झालं!" बोंडलं फळीवर गेलं होतं.

दूध पुरत नाही ही भीतीच जास्त असते, आणि त्या भीतीपोटी वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, मग खरंच पुरत नाही. हळीवाचे लाडू खाऊ द्या, मलापण आवडतात, पण पान्हा वाढतो तो ओढण्यानं, त्यातपण रात्रीच्या पाजण्यानं जास्त. आणि चिकाचं तर मला कळतच नाही, गाय व्याली की खरवस करून गल्लीभर वाटतो आणि पोरीचा चीक पिळून टाकायला सांगतो? तो चमचाभरच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोट तरी केवढं असतं.

जत-आटपाडीच्या उन्हात पाण्याचा विषय निघतोच. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, म्हणून पाणी आईला पाजा, बाळाला नको. मध चाटवणं तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

आपली खरी गळती माहेर-सासरात होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आपल्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, पण पोरगी माहेरी आणि नाव सासरच्या रजिस्टरला, मग दोन्हीकडच्या आशांना वाटतं दुसरी जात असेल. फोन करा एकमेकींना, दोन मिनिटं लागतात.

छाती एका बाजूला लाल, कडक आणि थंडीताप असेल, किंवा बाळ सुस्त आहे, लघवी कमी झालीय, तर शेंगदाणे मोजत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. छाती दुखते म्हणून पाजणं मात्र थांबवायचं नाही, दूध साचून आणखी त्रास होतो.

बरं, चहा यायला वेळ आहे. त्या कापडी बाहुल्या इकडं द्या, दोघीदोघी समोरासमोर बसा, एकीनं पाजायचं, दुसरीनं पाच मिनिटं तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं. पहिल्या रांगेतल्या ताई, तुम्ही बोलायला लागलात बघा.