डोक्याला जबर मार लागल्यानंतरचा पहिला तास

उपस्थित डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनो,

आजचा विषय मी शस्त्रक्रियागृहापासून सुरू न करता मुद्दाम अपघात विभागाच्या दारापासून सुरू करतो. धडकेच्या क्षणी मेंदूला जी इजा होते ती कोणालाही परत फिरवता येत नाही. त्यानंतरच्या तासांत प्राणवायू कमी पडल्याने, रक्तदाब घसरल्याने आणि कवटीतला दाब चढल्याने जी दुसरी इजा होते, ती मात्र बऱ्याच अंशी आपल्याला टाळता येते. खंत एवढीच वाटते की ती पुष्कळदा रुग्ण आपल्या ताब्यात आल्यानंतर, आपल्या डोळ्यांदेखत होते.

प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिलिलिटर जागा असते. तिचा सुमारे ८० टक्के भाग मेंदू व्यापतो आणि उरलेल्यात रक्त व मेंदूजल, म्हणजे मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव, असते. ही पेटी ताणली जात नाही, त्यामुळे एका घटकाचे आकारमान वाढले की दुसऱ्याला जागा सोडावीच लागते. हा विचार अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला, आणि आजही आपण त्याच्याच आधारे उपचार करतो. रक्ताची गाठ वाढू लागली की आधी मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते, मग शिरांमधले रक्त पिळून बाहेर जाते, आणि हे चालू असेपर्यंत दाब फारसा हलत नाही. ही सवड संपली की पुढचे चार-पाच मिलिलिटरही दाब झपाट्याने चढवतात. अर्ध्या तासापूर्वी स्वतःचे नाव नीट सांगणारा रुग्ण एकाएकी उठेनासा होतो तो यामुळे. म्हणून ‘मघाशी तर बोलत होता’ हे नातेवाइकांचे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. ते वाक्य धोक्याची सूचना समजा.

आता एक साधी वजाबाकी पाहू. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून उरलेला दाब. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतला दाब १५ असेल, तर पाऱ्याचे ७५ मिलिमीटर उरतात आणि मेंदूचे भागते. आता कवटीतला दाब २५ झाला आणि त्याच वेळी मांडीच्या मोडलेल्या हाडातून रक्तस्राव होऊन रक्तदाब ८० वर ५० झाला, म्हणजे सरासरी ६० झाली, तर मेंदूच्या वाट्याला अवघे ३५ येतात. आपले उद्दिष्ट ६० ते ७० चे असते. तेव्हा डोक्याच्या रुग्णाचे पोट, छाती, ओटीपोट आणि मांड्या तपासणे हाही मेंदूचाच उपचार आहे. वरचा रक्तदाब एकदाही ९० च्या खाली गेला तर अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या घरात जाते, हे १९९३ पासून आपल्यासमोर आहे. आज तर प्रौढांमध्ये वयानुसार १०० किंवा ११० च्या खाली येऊ देऊ नये असे सांगितले जाते. सलाइन द्यायचे ते साधे ०.९ टक्क्यांचे द्यावे. ग्लुकोजचे पातळ द्रावण मेंदूची सूज वाढवते.

याच्या उलट चित्रही ओळखता आले पाहिजे. रक्तदाब २०० च्या आसपास, नाडी ५० च्या खाली आणि श्वास अनियमित, ही खूण मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिली. हा चढलेला रक्तदाब म्हणजे गुदमरलेल्या मेंदूने रक्तासाठी केलेली शेवटची धडपड आहे. तो औषधाने उतरवू नका, त्यामागचा कवटीतला दाब उतरवा.

श्वासाबाबत मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण इथे चांगल्या हेतूने फार नुकसान होते. ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे शुद्धी मोजण्याच्या गुणपट्टीवर, ८ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या रुग्णाला श्वासनलिकेत नळी लागते. ती टाकण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून डोळे, बोलणे, हातापायांची हालचाल आणि दोन्ही बाहुल्या पाहाव्यात व वेळेसह लिहून ठेवाव्यात. स्नायू शिथिल करणारे औषध एकदा गेले की ही माहिती पुढच्या शल्यविशारदाला कोणीही देऊ शकत नाही. नळी पडल्यानंतर खरी परीक्षा असते ती श्वास देणारी पिशवी दाबणाऱ्या हाताची. एका रात्री मी पाहिले, आमचा एक तरुण सहकारी घाबरून मिनिटाला ३० वेळा पिशवी दाबत होता आणि पडद्यावर बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आकडा २४ दाखवत होता. त्या मुलाची तळमळ खरी होती. पण कार्बन डायऑक्साइड घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. तो दर १ मिलिमीटर उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्के कमी होतो. दाब उतरतो खरा, पण मेंदू उपाशी राहतो. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून सहा-सहा सेकंद मोजत श्वास दिले. आकडा ३५ ते ४० मध्ये ठेवावा. मेंदू खाली सरकत असल्याची स्पष्ट लक्षणे दिसली, तरच थोड्या मिनिटांपुरता तो ३० ते ३५ पर्यंत उतरवावा.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांना नेमक्या याच गोष्टी शिकवल्या गेल्या: प्राणवायू घटू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही आणि श्वास घाईने द्यायचा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंभीर इजेच्या गटात वाचण्याची शक्यता सुमारे दुप्पट झालेली दिसली. सर्वात भीषण इजेच्या गटात मात्र तसा फरक आढळला नाही. हे दोन्ही निष्कर्ष आपण प्रामाणिकपणे स्वीकारायला हवेत.

खाटेचा डोक्याकडचा भाग ३० अंश वर करा. कण्याच्या इजेची शंका असेल तर पाठ न वाकवता सगळी खाटच तिरकी करा. मान सरळ ठेवा. नळी बांधलेली फीत आणि मानेचा पट्टा यांच्याखाली बोट घालून पाहा. ते जात नसेल तर मानेच्या शिरा दबल्या आहेत आणि मेंदूतले रक्त उतरायला वाट नाही. या तपासणीला काही सेकंद लागतात आणि खर्च काहीच नाही.

एका बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला प्रतिसाद देईनाशी झाली, तर मेंदूचा भाग सरकून डोळ्याकडे जाणारा तिसरा मज्जातंतू दाबला गेला असे समजावे आणि स्कॅनची वाट न पाहता औषध द्यावे. मॅनिटॉल हे कवटीतला दाब उतरवणारे औषध वजनाच्या दर किलोला पाव ते एक ग्रॅम देतात. ६० किलोच्या माणसाला पूर्ण मात्रा म्हणजे २० टक्क्यांच्या द्रावणाचे ३०० मिलिलिटर. बाटली उजेडात धरून पाहा, थंडीत तिच्यात स्फटिक जमतात. मॅनिटॉलने लघवी भरपूर होते आणि रक्तदाब उतरतो; म्हणून रक्तस्राव झालेल्या रुग्णात मी ३ टक्क्यांचे सलाइन, २५० मिलिलिटर, पसंत करतो. दोन्ही औषधे वेळ मिळवून देतात, एवढेच. गाठ असेल तर ती शल्यविशारदालाच काढावी लागते, म्हणून त्याला फोन आणि सीटी स्कॅन या गोष्टी औषधाबरोबरच झाल्या पाहिजेत.

स्टिरॉइडबद्दल स्पष्ट बोलतो. ‘सूज उतरते’ म्हणून ती अनेक वर्षे दिली गेली. डोक्याला इजा झालेल्यांवरील २००४ च्या ‘क्रॅश’ नावाच्या औषध-चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के दगावले. तरीही एखाद्या कागदावर हे औषध अजून लिहिलेले दिसते, तेव्हा मला मनापासून वेदना होतात.

इतके करूनही कवटीतला दाब २२ च्या वर टिकून राहिला, तर कवटीचे हाड काढून मेंदूला जागा करून देण्याचा मार्ग उरतो. २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीत सहा महिन्यांनी या शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के आणि औषधोपचाराच्या गटात ४८.९ टक्के रुग्ण दगावले होते. मात्र जाणीव हरपलेल्या अवस्थेत जगणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ८.५ टक्के होते, दुसऱ्या गटात २.१ टक्के. संमतीचा कागद पुढे करण्यापूर्वी मी नातेवाइकांना बसायला सांगतो, हे चारही आकडे साध्या शब्दांत समजावतो, आणि त्यांचा माणूस कसा होता, कशा जगण्याला तो जगणे म्हणाला असता, हे त्यांच्याकडून ऐकून घेतो.