मूळ चाल कुठे आहे? गेम-संगीताच्या रीमिक्सचं परीक्षण

(पडदाभर ऑसिलोस्कोप, म्हणजे ध्वनिलहरींचं हलतं चित्र. एकाखाली एक पाच रेषा. मूळ गेमचं संगीत चालू.)

वरच्या दोन रेषा चौकोनी दातांच्या आहेत. ही पल्स चॅनलं. तिसरी त्रिकोणी लहर. चौथी नुसती थरथर, म्हणजे नॉइज. पाचवी मात्र सरळ, हलायचं नाव घेत नाही. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्रात संगीतकाराच्या हातात एवढंच होतं. पाचवं चॅनल ध्वनीचे छोटे मुद्रित नमुने वाजवण्यासाठी होतं, पण १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ते वापरलेलंच नाही.

स्पर्धेला आलेला एकही रीमिक्स, म्हणजे गेमच्या संगीताची चाहत्याने केलेली नवी बांधणी, अजून उघडलेला नाही. परीक्षक आधी मूळ संगीत असं सुटं करून, एकेक चॅनल बंद-चालू करून ऐकतायत. हे केल्याशिवाय परीक्षणाला बसणारे पुष्कळ असतात, आणि मग गुणपत्रकावर ‘छान मूड’ एवढंच लिहिलेलं सापडतं.

(क्लोजअप: तिसरी रेषा.)

त्रिकोणी लहरीची उंची बघा. ती कधीच बदलत नाही. या चॅनलला आवाज लहान-मोठा करायची सोय नव्हती. चालू नाही तर बंद. संगीतकार त्यावर बहुतेक वेळा बेस टाकत. त्यामुळे मूळ गेममधला बेस एकाच जोराने वाजतो, तो आवाज तयार करणाऱ्या चिपचा नाइलाज म्हणून. रीमिक्समध्ये खरी बेस गिटार घेऊन तीही तशीच सपाट वाजवली असेल, तर ती मूळ चालीशी निष्ठा मानायची का? आमच्या मते नाही.

(क्लोजअप: दुसऱ्या एका गेमची पहिली रेषा, वेग कमी केलेला. दातांची रुंदी झपाट्याने बदलतेय.)

इथे कान फसतो. वेग कमी केल्यावर दिसतं की हा एक स्वर नाहीच, तीन स्वर आळीपाळीने येतायत. एक चॅनल एका वेळी एकच स्वर वाजवू शकतं, आणि कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला) तर तीन लागतात. मग गेम सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवतो त्याच ठेक्यावर स्वर बदलत राहायचा. कानाला गुरगुरणारी कॉर्ड ऐकू येते. रीमिक्स करणाऱ्याने त्या जागी पियानोवर तीन स्वर एकत्र दाबले, तर त्याने मूळ चाल मोडलेली नाही, उलट उलगडून दाखवली आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो परीक्षक इथे गुण कापतो.

दुसरी रेषाही लबाड आहे. पुष्कळ गेममध्ये ती पहिलीचीच चाल किंचित उशिरा, हळू आवाजात म्हणते. चिपमध्ये प्रतिध्वनीची सोय नव्हती, म्हणून ही युक्ती. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलेचं एक बटण दाबलं की झालं. तो उशिराचा आवाज जसाच्या तसा दुसऱ्या वाद्यावर ठेवून त्याला ‘काउंटरमेलडी’ (मुख्य चालीसोबतची दुसरी स्वतंत्र चाल) म्हणणाऱ्या प्रवेशिका दर खेपेला येतात.

आणखी एक गोष्ट चित्रात नीट पकडली गेली आहे. मारिओ उडी मारतो, आणि त्याच क्षणी एका पल्स रेषेतली चाल तुटून तिथे उडीचा आवाज येतो. मोजकी चॅनलं, त्यामुळे ध्वनिपरिणामाला जागा द्यायला संगीतातला एक आवाज तेवढ्यापुरता बळी जातो. खेळतानाचं रेकॉर्डिंग ऐकून रीमिक्स केला की असे स्वर सुटतात. म्हणून परीक्षकांकडे मूळच्या दोन प्रती असतात: एक खेळतानाची, दुसरी थेट गेमच्या ध्वनी-डेटातून काढलेली. प्रवेशिकेत स्वर गळालेले दिसले तर आधी त्या दोन्ही ताडून बघायच्या.

(निन्टेंडोचं पुढचं यंत्र, सुपर फॅमिकॉम, उघडलेलं, बोर्डवरून सरकणारा कॅमेरा.)

पुढच्या पिढीत आठ चॅनलं आली, खऱ्या वाद्यांचे नमुने आले, पण ध्वनीसाठी स्मृती सगळी मिळून ६४ किलोबाइट. सेगाच्या मेगा ड्राइव्हची वाट वेगळी, तिथे एफएम संश्लेषणाची (एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवण्याची) सहा चॅनलं. त्या यंत्रांवरच्या प्रवेशिकांना हीच पद्धत, तपशील निराळे.

(परीक्षकाचा कागद. पेन्सिलने लिहिलेले सहा स्वर.)

आता एकच प्रवेशिका जवळून. मूळ संगीत आहे मारिओच्या भुयाराचं, संगीतकार कोजी कोंडो. सगळी ओळख सहा स्वरांत: सा आणि वरचा सा, मग खालचा ध आणि मधला ध, मग खालचा कोमल नी आणि मधला कोमल नी. त्यानंतर लांब शांतता. पुन्हा तेच. मग हीच उडी म, रे आणि कोमल ग वर. प्रत्येक जोडीत एका सप्तकाची उडी, आणि तिच्याइतकीच महत्त्वाची ती शांतता.

प्रवेशिकेची लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे २२० सेकंद. परीक्षकाने केलेली नोंद पडद्यावर आहे.

०:०० ते ०:१८, वातावरणनिर्मिती, मूळ काही नाही.
०:१८ ते ०:५०, सहा स्वर सिंथवर, स्पष्ट.
०:५० ते १:२२, वर नवी चाल, खाली बेसमध्ये सहा स्वर. मधली शांतता भरून टाकलेली.
१:२२ ते २:०६, गिटार सोलो, मूळ नाही.
२:०६ ते २:५०, चाल ब्रासवर, कॉर्ड नव्या.
२:५० ते ३:२२, सगळं एकत्र.
३:२२ ते शेवट, विरत जाणारा रिव्हर्ब.

बेसचा भाग धरला तर मूळ संगीत १४० सेकंद भरतं, म्हणजे ६४ टक्के. सोडला तर १०८ सेकंद, ४९ टक्के. स्पर्धेची अट अशी की मूळ संगीत अर्ध्याहून अधिक वेळ हवं. म्हणजे प्रवेशिका स्पर्धेत राहणार की बाहेर जाणार, हे त्या ३२ सेकंदांच्या बेसवर आलं.

(तीन परीक्षक, एकच ध्वनिफीत, पुन्हा पुन्हा ०:५०.)

हा अर्ध्याचा हिशेब आजचा नाही. चाहत्यांचे रीमिक्स पारखून घेणारा ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हा उपक्रम १९९९ साली सुरू झाला. तिथल्या परीक्षकांचाही आग्रह असतो की मूळ ओळखू यावं आणि वरचष्मा त्याचाच असावा. शंका आली की तेही असेच सेकंद मोजतात. ही पद्धत कोरडी वाटते खरी. पण ‘मला तर मारिओ ऐकू आला’ आणि ‘मला नाही आला’ या वादावर दुसरा उपाय अजून कोणी काढलेला नाही.

बेसबद्दल एकाचं म्हणणं, शांतता गेली म्हणजे ओळख गेली. बाकी दोघांचं म्हणणं, सप्तकाची उडी आणि स्वरांचा क्रम शाबूत आहे. वरची चाल बंद करून नुसता बेस ऐकवला तर गेम खेळलेला माणूस ओळखेल. तसं करून पाहिलं. चारशे हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून तो भाग वाजवला. बेस धरला गेला. मात्र गिटारचा सोलो मूळ कॉर्डवर बेतलेला आहे हा स्पर्धकाचा खुलासा कोणीच मान्य केला नाही. त्या कॉर्ड हजार गाण्यांत सापडतील.

याच्या उलटी अडचण ‘टेट्रिस’मध्ये येते. १९८९च्या गेम बॉयवर घराघरात पोहोचलेली ती चाल मुळात ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत. गेमसाठी तिची बांधणी हिरोकाझू तानाका यांनी केली. मग अ‍ॅकॉर्डियन घेऊन नुसतं लोकगीत वाजवलं, तर तो गेम-संगीताचा रीमिक्स धरायचा का? नियमावलीत हे आधीच लिहिलेलं बरं: गेमच्या आवृत्तीतला बेस, पलटा किंवा दुसरा आवाज, यांपैकी काहीतरी प्रवेशिकेत दिसलं पाहिजे.

(संगणकाचा पडदा. फाइलींची नावं एकेक करून बदलतायत.)

ऐकण्याआधीची तयारी एक संयोजक एकटाच करतो, आणि तो गुण देत नाही. नावं काढून क्रमांक घालायचे. फाइलीच्या टॅगमधलं नाव, चित्र, टिपण पुसायचं. हे विसरलं की प्लेअर वाजवताना कलाकाराचं नाव झळकतं आणि सगळी गुप्तता वाया जाते. त्यानंतर आवाजाची पातळी सारखी करायची.

(दोन वेव्हफॉर्म शेजारी शेजारी. एक विटेसारखी भरीव, दुसरी टोकदार.)

डावी फाइल उणे ७ एलयूएफएसची (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आहे, उजवी उणे १७ची. फरक दहा डेसिबलचा. कानाला डावी जवळपास दुप्पट मोठी वाटते. मोठं ते चांगलं, असं कान ठरवून टाकतो, आणि परीक्षकाचा कानही त्याला अपवाद नाही. म्हणून सगळ्या फाइली बीएस.१७७० या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने मोजून एकाच पातळीवर आणतात, आणि तेही मोठ्या आवाजाच्या फाइली खाली उतरवून. हळू आवाजाच्या फाइली वर चढवल्या की त्यांची टोकं कापली जायची भीती असते. पातळ्या जुळवल्या की डाव्या फाइलीचा ड्रम बघा: ठोका बसत नाही, नुसतं दाबलं गेल्यासारखं वाटतं. लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने) ती आधीच खाल्लेली आहेत.

पुढे येतो बिघाडांचा मोठा वर्ग. मूळ गाण्याची मिडी फाइल (आवाज नव्हे, नुसती स्वरांची नोंद) उतरवायची, तिच्यावर महागडी वाद्यं चढवायची आणि पाठवून द्यायची. ओळखायला सोपं जातं. मिडीत स्वराचा जोर ० ते १२७ असा लिहितात. इथे सगळे स्वर १००वर. स्नेअर ड्रमचा तोच एक नमुना पाठोपाठ वाजतो, त्यामुळे मशिनगनसारखा आवाज येतो. व्हायोलिनच्या ज्या नमुन्याला पूर्ण आवाजात यायला वेळ लागतो, त्याच्यावर चिपची भरधाव चाल टाकली जाते आणि निम्मे स्वर उमलण्याआधीच संपतात. उपाय ठाऊक असलेला स्पर्धक अशा जागी छोट्या गजाचा, स्टकाटो नमुना घेतो किंवा चालच बासरीकडे देतो.

(स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या वारंवारतांचं चित्र. सोळा किलोहर्ट्झला आडवी कापल्यासारखी कड.)

वरचा पट्टा असा सरळ कापलेला दिसला की फाइल कधीतरी १२८ केबीपीएसच्या एमपी३मधून गेल्याचा संशय घ्यायचा. नियमाप्रमाणे वेव्ह फाइल आलेली असते, पण आतला एखादा तुकडा कुठून तरी उचललेला असतो. अशा वेळी प्रोजेक्ट फाइल किंवा सुटे ट्रॅक मागवतात. शेवटची चाचणी मोनोची: दोन्ही बाजू एकत्र केल्या की कृत्रिमपणे रुंद केलेलं सिंथ कधी कधी अर्धंअधिक नाहीसं होतं.

(घड्याळ. हेडफोन टेबलावर.)

चाळीस प्रवेशिका, सरासरी चार मिनिटं, प्रत्येकी तीनदा ऐकायच्या: आठ तास नुसतं ऐकणं. पाऊण तासाला विश्रांती ठेवतात, कारण थकलेल्या कानाला वरचे स्वर मंद वाटू लागतात आणि चकचकीत मिक्स उगाच चांगलं वाटतं. प्रत्येक परीक्षकाला क्रम वेगळा, चिठ्ठ्या टाकून. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांवर दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. वादनाचा क्रम सोडतीने ठरलेला असूनही अंतिम फेरीत उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळत असल्याचं त्यात दिसलं. तिथले परीक्षक तर जगातले नामांकित वादक. म्हणून इथे सुरुवातीला ऐकलेल्या तीन प्रवेशिका सगळ्यात शेवटी पुन्हा ऐकतात, आणि गुण बदलायची मुभा त्या तिघींपुरतीच.

(गुणपत्रकाचा तक्ता.)

बेरजेतही खड्डा आहे. दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या प्रवेशिकेला तिघांचे सात, नऊ, सात, बेरीज तेवीस. दुसरीला आठ, पाच, आठ, बेरीज एकवीस. तिघांपैकी दोघांना दुसरी आवडली, जिंकली पहिली. मधला परीक्षक हात सैल सोडून गुण देतो, बाकीचे सात-आठच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे निकाल त्याच्या एकट्याच्या हाती जातो. प्रत्येकाचे गुण आधी त्याच्या स्वतःच्या क्रमवारीत बदलून मग बेरीज केली की हा जोर उतरतो. काही संयोजकांना हे नको असतं; ज्याला इतकं आवडलं त्याचं मत जड धरावं, असं ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, पण निदान पद्धत आधी जाहीर करावी. निकाल लागल्यावर ठरवू नये.

(शेरे टाइप होताना.)

‘बेस जरा कमी करा’ असा शेरा इथे स्वीकारत नाहीत. ‘१:०५ला किक ड्रम आणि बेस दोन्ही साठ हर्ट्झच्या आसपास, किक ऐकू येत नाही, बेसचा तो भाग तीन डेसिबल उतरवा’ असा लिहावा लागतो. शेऱ्यात सेकंद नसेल, तर तो परीक्षकाकडे परत जातो.

(निकालाची यादी.)

निकाल जाहीर होतो. मूळ संगीताचे हक्क गेम बनवणाऱ्यांकडेच, त्यामुळे विक्री नाही. फिती मोफत दिल्या जातात. काही स्पर्धक पुन्हा कधी दिसत नाहीत. बाद झालेली प्रवेशिका दुरुस्त करून पुढच्या वेळी पाठवता येते. सोबत जुना शेरा जोडायचा, आणि कोणत्या सेकंदाला काय बदललं ते त्याच्याखाली लिहायचं.