पाहुण्याला नेमकं काम

मंडळी, मोठ्या रॉक गायकाचा स्वतंत्र अल्बम येतो तेव्हा मागची नामावळी वाचूनच मला पुष्कळदा धास्ती वाटते. आठ-दहा बडी नावं, आणि प्रत्येकाला आपलं कसब दाखवायला एकेक कोपरा आखून दिलेला. गाणं राहतं बाजूला, हजेरीपट तेवढा लक्षात राहतो. पीटर गेब्रिएलचा 'सो' या सापळ्यात सापडला नाही. तो का, एवढंच मला आज सांगायचंय.

गेब्रिएल १९७५ साली जेनेसिस या आपल्या रॉक बँडमधून बाहेर पडला. पुढच्या चारही अल्बमना त्याने 'पीटर गेब्रिएल' हेच नाव दिलं. विकणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते सोडा! 'सो' आला १९८६ मध्ये. इंग्लंडमधल्या बाथजवळच्या अ‍ॅशकोंब हाउसमध्ये, डॅनियल लान्वा या निर्मात्याच्या साथीने तो घडला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत दुसऱ्या. त्यातल्या 'स्लेजहॅमर'ने अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला तो कोणाला खाली ओढून? जेनेसिसच्याच गाण्याला. याहून गोड सूड मला तरी माहीत नाही.

आता पाहुणे. 'द पोलीस' या बँडचा स्ट्युअर्ट कोपलंड म्हणजे त्या काळी ड्रमवाल्यांमधलं केवढं मोठं नाव! 'रेड रेन'मध्ये त्याच्या वाट्याला काय आलं? फक्त हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची ती झांजांची जोडी. बाकीचे ड्रम जेरी मारोटाने वाजवलेत. पण हेडफोन लावून ऐका. गाणं सुरू होताच ती बारीक, अस्वस्थ टिपटिप कानावर पडते आणि गेब्रिएलने तोंड उघडण्याआधीच पाऊस लागलेला असतो. कोपलंडची खासियत त्या दोन झांजांमध्येच होती. तेवढीच मागून घ्यायला यजमानाचा कान तयार लागतो.

'डोन्ट गिव्ह अप'मध्ये गायिका केट बुश का आहे, याचं उत्तर गाण्यातच आहे. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचं राज्य होतं, लाखो लोक बेकार होते. कडव्यांतून खचलेला, काम नसलेला माणूस बोलतो आणि ध्रुवपदात त्याला सावरणारी बाई उत्तर देते. दोन्ही आवाज गेब्रिएलचेच असते, तर तो माणूस स्वतःचीच समजूत घालत बसल्यासारखा वाटला असता. बुशही गळा दाखवायला जात नाही, जवळजवळ कुजबुजते.

'स्लेजहॅमर'च्या ब्रासला, म्हणजे पितळी फुंकवाद्यांना, अमेरिकेतल्या मेम्फिसचा वेन जॅक्सन होता, सोल गायक ओटिस रेडिंगच्या ध्वनिमुद्रणांत वाजवलेला. सोल संगीताला सलाम करायचा तर अस्सल माणूसच हवा, यावर फार बोलायला नको. 'इन युअर आइज'च्या शेवटी सेनेगलचा युसू एन्डूर वोलोफ भाषेत गातो. शब्द कळत नाहीत, पण गाण्याचं छप्परच उडाल्यासारखं वाटतं.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र घरच्याच, म्हणजे गेब्रिएलच्या नेहमीच्या वादक मंडळींचा आहे. 'बिग टाइम'मध्ये टोनी लेव्हिन डाव्या हाताने बास गिटारचे सूर धरतो आणि त्याच तारांवर मारोटा ड्रमच्या काठ्या हाणतो. एक वाद्य, दोन वादक! लेव्हिनला हा आवाज पुढे मैफलींतही हवा होता, म्हणून त्याने छोट्या काठ्या चक्क बोटांना बांधायला सुरुवात केली. तेच गाणं आता लावतो. बासकडे लक्ष ठेवा.