सर्व्हर डाऊन, पेढी चालू

(लातूरच्या आडत व्यापाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी संगणक दुरुस्त करणारा माणूस. भाषण हा काही माझा धंदा नाही, म्हणून गोष्टीनंच सुरुवात करतो.

एका पेढीवरचे मुनीमकाका दोन वर्षं रोज दिवेलागणीला पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचे. दिवाळीतसुद्धा खंड नाही. एका वळवाच्या पावसात वीज कडाडली, संगणक गेला, हार्डडिस्क गेली. मला बोलावणं आलं. काका निर्धास्त होते. गल्ल्यातनं पेनड्राइव्ह काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. उघडला तर आत एकच फाइल, दोन केबीची. चिन्हाच्या कोपऱ्यात तो बारका वाकडा बाण. काका रोज डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी करत होते. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दोन वर्षं जपली, आणि घरच जागेवर नाही.

हसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह तिथं होती, ८५८ टेराबाइटची. पसारा फार मोठा म्हणून तिची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. सगळं गेलं. आपल्या काकांनी निदान चिठ्ठी तरी जपली होती.

आता १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. आपल्या घड्याळानं सकाळी ९.३९ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट जगभर सोडलं आणि १०.५७ ला मागं घेतलं. मधली ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं तेवढ्यात ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. हैदराबादच्या विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अपडेट मागं घेऊनही बरेच संगणक उठेनात. एकेकापाशी जायचं, सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ती फाइल पुसायची, असं दिवसच्या दिवस चाललं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली हवी, आणि काहींची ती किल्ली पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली! तुमच्या नव्या लॅपटॉपलाही हे कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं. किल्ली छापून दुकानाच्या लायसनच्या फाइलीत लावा. आजच.

तुम्ही म्हणाल, विमानवाल्यांचं आपल्याला काय? त्यानंतर बाराच दिवसांनी, ३१ जुलैला, सी-एज नावाच्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाल्याचं बाहेर आलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांची यंत्रणा चालवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला काढलं, आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक अडकले. यात तुमची चूक काही नाही, पण शेतकरी तुमच्या ओट्यावर बसून आहे. म्हणून दोन बँकांत खाती ठेवा असं सगळे सांगतात. मी म्हणतो, आधी मॅनेजरसाहेबांना विचारा, सिस्टीम कुणाची? दोन्ही बँका एकाच कंपनीच्या मशीनवर असतील तर दोन पासबुकं ठेवून काय उपयोग? इंटरनेटचंही तसंच. दोन कनेक्शन घेता आणि दोन्हींच्या वायरी एकाच नालीतून येतात. जेसीबीचा एक दात पुरतो.

ही अक्कल आपल्याला नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपल्याच गावात. तेव्हा घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं, कुठल्या पिंपातलं प्यायचं, कुठलं भांड्याला, आणि धुतलेल्याचं पुन्हा कुठं वापरायचं. पेढीवर तसं ठरवलंय का कुणी? माल उतरला, सौदा झाला, काट्यावर वजन झालं, पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची चिठ्ठी आणि पैसे दिले, एवढं थांबता कामा नये. औशाचा, रेणापूरचा माणूस संध्याकाळच्या गाडीनं घरी जाणार आहे. रिपोर्ट, जीएसटीचं जुळवणं, महिन्याचा ताळेबंद हे चार दिवस थांबलं तरी चालतं.

पण हातानं पट्टी करायला सांगा पोरांना. हमाली किती, तोलाई किती, निव्वळ रक्कम किती, हे आतापर्यंत मशीन करत आलंय. पोरांच्या ते तोंडात नाही. दर पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगा. उधारीच्या यादीचा एक कागद रोज संध्याकाळी छापा. दुसऱ्या दिवशी लाइट नसली तरी कुणाकडं किती, ते कळेल. जीएसटीची बिलं हातानं करायची वेळ आली तर त्यांचं पुस्तक वेगळ्या मालिकेचं छापून ठेवा. एकाहून जास्त मालिका नियमात बसतात, फक्त बिल नंबर १६ अक्षरांच्या आत हवा. हे नाही केलं तर मशीन सुरू झाल्यावर एकाच नंबरची दोन बिलं निघतात आणि सीए तुमच्याकडं बघत बसतो. माल गाडीनं पाठवायला लागणाऱ्या ई-वे बिलाचं पोर्टल अडलं तर १ जुलै २०२५ पासून दुसरं पोर्टल सुरू आहे, त्याचा पत्ता गाडी भरण्याआधी लिहून ठेवा.

आणि खरा घोळ बंदच्या दिवशी होत नाही, दुसऱ्या दिवशी होतो. कागदावरचं मशीनमध्ये चढवायला तिघं बसतात, दोन पट्ट्या दोनदा चढतात, एक राहून जाते. एकानंच चढवायचं. चढलं की लाल खूण.

रॅन्समवेअरचं एकच सांगतो. बॅकअपची डिस्क संगणकाला कायम लावून ठेवली तर ती बॅकअप नव्हे. कुलूप लावणारा दोन्हींना लावतो. काढा, आणि एक प्रत घरी न्या.

त्या मुनीमकाकांनी आता वही केलीय. दर शनिवारी पुतण्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हचा डेटा उघडतात, शेवटच्या पट्टीचा नंबर बघतात आणि पेन्सिलीनं वहीत लिहितात. मागच्या शनिवारी त्यांचा फोन आला, नंबर जुळत नाही म्हणून. जाऊन बघितलं तर पेनड्राइव्ह बुधवारीच भरला होता.