सगळ्यात हावरट मूलद्रव्य

श्रोतेहो, नमस्कार. दहावीच्या पुस्तकातली आवर्तसारणी डोळ्यांसमोर आणा. बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. सारणीत डावीकडून उजवीकडे गेलं की ती वाढते, कारण केंद्रकाचा धनप्रभार वाढतो. वरून खाली आलं की कमी होते, कारण कवचं वाढतात आणि अणू थोराड होतो. पुन्हा सांगतो, उजवीकडे वाढते, खाली कमी होते. राजवायूंचा रकाना तेवढा बाजूला ठेवा.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली तिची मोजपट्टी आखली. त्या पट्टीवर सोडिअम ०.९३, क्लोरिन ३.१६. म्हणून सोडिअमचा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो आणि मीठ बनतं.

पट्टीच्या टोकाला फ्लोरिन, ३.९८. मी खरा आलोय त्याची गोष्ट सांगायला.

फ्लोरिननं बळकावलेला इलेक्ट्रॉन सोडवून नुसता फ्लोरिन वायू वेगळा काढायचा कसा? बेल्जियमचे लुये, फ्रान्सचे निक्लेस या खटाटोपात जिवाला मुकले. अखेर पॅरिसच्या आंरी म्वासाँ यांनी विजेचा मार्ग धरला. प्लॅटिनमची वाकडी नळी, फ्लोरस्पार या खनिजाची बुचं, आत कडाक्याच्या थंडीत ठेवलेलं द्रवरूप हायड्रोजन फ्लोराइड. २६ जून १८८६ रोजी वायू निघाला. सिलिकॉनला लागताच सिलिकॉन पेटलं!

विज्ञान अकादमीनं खात्री करायला तिघांना पाठवलं. बर्तलो, दब्रे आणि फ्रेमी, तिघेही बडी मंडळी. म्वासाँनी वीज सुरू केली आणि... काहीच नाही. वायूचा पत्ता नाही!

झालं होतं असं, की पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी ते द्रव जास्तच काळजीनं शुद्ध केलं होतं. शुद्ध द्रवातून वीज जातच नाही. आधीच्या खेपेला त्यात पोटॅशिअमचं थोडं फ्लोराइड राहून गेलं होतं, वीज वाहत होती ती त्याच्या जिवावर. मग म्वासाँनी पोटॅशिअमचा क्षार मुद्दाम घातला, आणि फ्लोरिन हजर!

१९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल म्वासाँना मिळालं. नोबेल समितीची शिफारस मात्र होती मेंडेलीव्ह यांची, ज्यांनी ही सारणी मांडली त्यांची. स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं ती फिरवली. मला विचाराल तर हा अन्यायच. फेब्रुवारी १९०७ मध्ये मेंडेलीव्ह वारले, आणि त्याच महिन्यात म्वासाँही. नमस्कार.