चहाच्या डागाला कडेलाच गडद रेघ का येते?

थांबा, कॅमेरा जरा जवळ घेतो. हा बघा, रात्री सांडलेला कटिंगचा थेंब, आता पूर्ण वाळलाय. मधे अगदी फिका आणि कडेला ही गडद ब्राऊन रेघ. चहा तर सगळीकडे सारखाच होता ना, मग रंग सगळा कडेला कोणी नेला?

तर होतं काय, टेबल आपल्याला गुळगुळीत वाटलं तरी थेंबाची कड त्याच्यावर अडकून बसते, आत सरकतच नाही. आणि कडेला थेंब पातळ, तिथून वाफ पटकन निसटते, म्हणजे पाणी कडेलाच जास्त उडतं, आणि ते भरून काढायला मधलं पाणी सारखं बाहेर वाहत राहतं, येताना चहाचे बारीक कण पण घेऊन येतं. पाणी गेलं उडून, कण बसले तिथेच. विरार लोकलसारखं, सगळे दरवाज्यात आणि आत जागा रिकामी!

हे कोडं शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ नावाच्या सायन्स जर्नलमध्ये छापून सोडवलं. पण मला जास्त भारी वाटतं ते २०११ चं काम, कण गोल नसून लांबट असले तर ते पाण्याच्या वरच्या थरावरच एकमेकांत अडकतात आणि रेघ बनतच नाही. प्रिंटरच्या शाईवाल्यांना असलंच काहीतरी हवं असतं, कारण त्यांनाही हीच रेघ छळते.

आता याच्या उलट. जुलैमधली दमट हवा, टॅक्सीत एसी फुल, आणि समोरची काच धुरकट झाली. ड्रायव्हरदादा आतून फडका मारतायत, मारतायत, काही फरक नाही! अहो, पाणी बाहेरून जमलंय. एसीने काच इतकी गार झाली की बाहेरच्या हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसली. नीट बघा, थेंब वाढतात, शेजारच्यात मिसळतात, पण खाली येत नाहीत, कारण इथेही कड काचेला धरून असते. एखादा पुरेसा जड झाला की मग सुटतो, वाटेतले सगळे गिळत खाली येतो, मागे स्वच्छ पट्टा, आणि त्या पट्ट्यात लगेच नवे बारीक थेंब.

त्यामुळे फडका ठेवा, वायपर मारा, आणि एसीचा झोत काचेवरून बाजूला करा.