वाळवंटीची भरती आणि सांखळी

नमस्कार, श्रोतेहो. गोव्यातल्या सांखळीचं जुनं बंदर आणि सांखळीच्या बाजारात शिरणारा पूर, या दोहोंचं मूळ एकच: वाळवंटी नदीतून वर चढणारी भरती.

चोर्ल्याच्या डोंगरातून निघालेली वाळवंटी केरीवरून सांखळीत येते आणि पुढे मांडवीला मिळते. घाटाची वाट आणि भरतीचं पाणी जिथं जवळ आलं, तिथं बाजार भरला. मिठाच्या होड्या भरतीबरोबर वर यायच्या, सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, परतायच्या. अशा नाक्यावर डोळा कोणाचा नसणार? सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज या टापूसाठी वर्षानुवर्षं झुंजले. 1781 साली डिचोली महाल, म्हणजे सांखळीचा हा टापू, पोर्तुगिजांकडे गेला. पुढं खाणींची माती ओढ्यांतून उतरली, पात्र उथळ झालं. आता नदीत होड्या पाहायच्या त्या सांखळीजवळच्या विठ्ठलापूरला, त्रिपुरारी पुनवेच्या रात्री.

आता पुराचं. सांखळीत नुसता पाऊस मोजून भागत नाही, तिथीही पाहावी लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. दिवसा तीच, रात्रीही तीच. हा हिशेब समुद्रकाठचा, नदीतून वर यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. अवस-पुनवेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा समुद्राचं पाणी सुमारे दोन मीटर चढतं आणि मांडवी फुगते. त्याच वेळी वरच्या सत्तरी तालुक्यात मुसळधार कोसळला आणि अंजुणे धरणातून पाणी सोडावं लागलं, तर वाळवंटीला पुढं वाट उरत नाही.

मग बाजारातला नालाच घात करतो. नदी नाल्यापेक्षा वर चढली की पाणी उलटं आत येतं, म्हणून तोंडावरचं गेट पाडतात आणि आत साठलेलं पावसाचं पाणी पंपांनी नदीत फेकतात. गेट पाडायला उशीर झाला, तर पंप नदीचंच पाणी नदीत टाकत बसतात. गेटच्या खाचेत गाळ असला, तर ते पुरतं बसत नाही, खालून धार लागते. पंपापुढच्या जाळीवर प्लास्टिक आणि नारळाची सोडणं अडकली की पंपाला पाणीच मिळत नाही. नाल्याचा गाळ मे महिन्यातच काढायला हवा, आणि काढलेला गाळ काठावर ठेवूच नये. पहिल्याच सरीत तो परत आत जातो. दुकानदारांनी जून ते सप्टेंबर तांदूळ-साखरेची पोती जमिनीवर रचू नयेत. आणि पाणी ओसरू लागलं की गेट लगेच उचलायला हवं, सुकतीचे तेवढेच तास हाताशी असतात.